वाचल्याचा पुरावा

आमच्या शाळेची पुस्तकं मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असायची. बदली होऊन मी तिथं रुजू झाले आणि ग्रंथालयाचा कार्यभार माझ्याकडे आला. म्हणजे एक दाखलनोंद वही आणि एक किल्ली हातात पडली. कपाट उघडलं तर आतली पुस्तकं कोरी करकरीत. काहींची पानं कडेला एकमेकांना चिकटलेली होती, ती अजून सुटीही झाली नव्हती. आधीच्या गुरुजींनी किती जपलीत, असं पहिल्यांदा मनात आलं आणि बरं वाटलं. जपण्याचं कारण पुढं कळलं. पुस्तक हरवलं की पडताळणीत ते कमी भरतं, आणि कमी भरलेल्याचा जाब कार्यभार असलेल्या शिक्षकाला द्यावा लागतो. त्या भीतीनं कपाट बंद राहतं. यात एकट्या माणसाचा दोष नाही, पण मुलांपासून पुस्तकं दूर राहतात ती अशीच.

ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडणारे रंगनाथन आधी मद्रासला गणित शिकवायचे. हे नियम मांडणाऱ्या त्यांच्या १९३१ सालच्या ग्रंथात पहिलाच नियम पुस्तकांच्या वापराचा आहे. जुन्या काळी युरोपात पुस्तकं साखळीनं बांधून ठेवत, तेही त्यांनी त्यात सांगितलं आहे. ते वाचताना मला आमचं कुलूप आठवलं होतं.

मी कपाट उघडं ठेवू लागले, पण दुसरी चूक केली. दर शनिवारी पुस्तक द्यायचं आणि पुढच्या शनिवारी दोन पानी सारांश लिहून घ्यायचा, असा नियम केला. मुलं खरंच वाचतात की नाही हे कळायला हवं, असं मला वाटे. तीन महिन्यांत सगळ्यात पातळ पुस्तकांना मागणी वाढली. सारांश एकमेकांसारखे येऊ लागले, कारण ते मलपृष्ठावरून उतरवलेले होते. सहावीतला एक मुलगा, भेळेचा कागदसुद्धा उलगडून वाचणारा, पुस्तक घ्यायचाच थांबला. विचारलं तर खाली बघत म्हणाला, “बाई, वाचायला आवडतं, पण मग लिहायला लागतं.”

ते वाक्य मला फार लागलं. वाचणाऱ्या मुलाला मी वाचनापासून तोडलं होतं, तेही चांगल्या हेतूनं. सोमवारी परिपाठानंतर मी मुलांना सांगितलं, आजपासून सारांश नाही.

मग त्याच्या जागी काय? मी वाचून दाखवायला लागले. शनिवारचा शेवटचा तास, सगळे जमिनीवर, माझ्या हातात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. शाळेत त्याचं एकच पुस्तक होतं. फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा संकटात सापडला की मी पुस्तक मिटत असे. घंटेची वाटही बघत नसे. पहिल्या शनिवारी वर्ग नुसता ओरडला. दुसऱ्या शनिवारी घंटा झाल्यावर सात-आठ जण माझ्याभोवती उभे राहिले. पुस्तक कुणी न्यायचं यावर भांडण झालं, तेव्हा मुलांनीच देवघेव वहीत रांग लावली आणि प्रत्येकाला दोन दिवस असं ठरवलं. पुढचा पंधरवडा व्हरांड्यात, नळावर, खो-खोच्या मैदानावर फेणेचं ‘ट्टॉक’ ऐकू येत होतं. त्या पुस्तकावर एका ओळीचाही सारांश कुणी लिहिला नाही.

मोठ्यानं वाचण्याचं आमच्या भागात आणखी एक मोल आहे. आमची शाळा मालेगावकडच्या पट्ट्यात, मुलांच्या घरी अहिराणी बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना डोळ्यांनी भेटते तेव्हा परकी वाटते, अक्षरं लागतात पण गोष्ट लागत नाही. तीच वाक्यं कानावर पडली, थांबत, हेल काढत, हसत, की मुलं त्या भाषेत शिरतात. एकदा चाल सापडली की पुढचं पान ती स्वतः वाचतात. अडखळत वाचणाऱ्या मुलाला सर्वांसमोर उभं करून वाचायला लावण्यापेक्षा त्याला आधी भरपूर ऐकू द्यावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

मांडणीही मुलांकडे सोपवली. व्हरांड्यात दोरी बांधून पातळ पुस्तकं चिमट्यांनी लावली आणि जाड पुस्तकं मुलांनी स्वतःच्या वर्गवारीनं रचली. भुताची, हसवणारी, रडवणारी, प्राण्यांची, आणि एका खणावर चिठ्ठी होती: ‘घरी वाचून दाखवायची’. असा खण कुठल्याच वर्गीकरणात मी पाहिला नव्हता.

१५ ऑक्टोबरला, कलामांच्या जयंतीला, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन होतो. आम्हीही सतरंजीवर पुस्तकं मांडतो. तो दिवस मला प्रिय आहे, पण खरं काम सोळा तारखेला सुरू होतं. पुस्तकं पुन्हा कपाटात गेली, तर आदल्या दिवशी पुस्तक उघडून बसलेल्या पोराला ते अर्धवट ठेवावं लागतं.

उन्हाळ कांदा काढायला लागला की मुलं शाळेऐवजी शेतात दिसतात. मग पुस्तकंच त्यांच्याकडे न्यायला हवीत, आणि तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची आठवण येते. त्यांचा जन्म आमच्याजवळच्याच कौळाण्याचा. त्यांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बडोद्याला बोलावलं आणि संस्थानभर ग्रंथालयं उभी केली. जिथं ग्रंथालय नव्हतं तिथं पुस्तकांनी भरलेल्या पेट्या पाठवल्या जात. तसंच आम्ही खोबरेल तेलाच्या खोक्यात पंधरा पुस्तकं आणि ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक भरले आणि मळ्यातल्या वस्तीवरच्या एका सातवीतल्या मुलीच्या घरी ठेवून आलो. नोंद तिनंच ठेवायची. पावती, सही, दंड काही नाही.

दोन महिन्यांनी खोका परत आला. दोन पुस्तकं कमी होती. बाकीच्यांवर मातीची बोटं उमटली होती, एकाच्या पानांत कांद्याची सालं सापडली, एकाचं मुखपृष्ठ सुईदोऱ्यानं शिवलं होतं. दाखलनोंद वहीत शेरा लिहिताना मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी ते शिवलेलं पुस्तक त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ चाळलं आणि हरवलेल्या दोन्हींपुढं निर्लेखनाचा प्रस्ताव लिहायला सांगितलं.

ते शिवलेलं पुस्तक त्या मुलीनं नोंदीत पाच वेळा स्वतःच्याच नावावर लिहिलं होतं. एकच पुस्तक पाच वेळा कशाला, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, तिची आजी रात्री ते ऐकते. आजीला अक्षरओळख नाही, मराठीही पुस्तकातली पुरती कळत नाही, म्हणून नात एक पान वाचते आणि मग अहिराणीतून सांगते. मुखपृष्ठ आजीनंच शिवलं.

“पण गोष्ट तर त्यांना पाठ झाली असेल?”

“हो बाई. तरी रोज विचारते, मंग काय व्हयनं?”