साखर विकावी, पाचट राखावे

शुद्ध साखरेत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीनच मूलद्रव्ये असतात आणि उसाने ती हवेतून व पाण्यातून मिळवलेली असतात. नत्र, स्फुरद, पालाश यांतले काहीही साखरेच्या पोत्यातून गावाबाहेर जात नाही. जाते ते ऊन, म्हणजे पानांनी वर्षभर पकडून साठवलेली ऊर्जा. तरीही ऊस हे जमिनीचा कस ओढणारे पीक म्हणून ओळखले जाते आणि ते खोटे नाही. मग हा कस जातो कुठे? काही भाग कांड्यांबरोबर कारखान्यात जाऊन प्रेसमड, मळी आणि बॉयलरच्या राखेत उतरतो. काही वाढ्यांबरोबर जनावरांच्या पोटात जातो. बराचसा उरतो तो पाचटात, आणि ते तोडणी झाली की अनेक शेतांत पेटवले जाते. साखर विकल्याने जमीन दरिद्री होत नाही. पाचट जाळल्याने होते, असे माझे म्हणणे आहे.

कोणत्याही परिसंस्थेत दोन हिशोब एकाच वेळी चालू असतात आणि त्यांचे नियम वेगळे आहेत. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील सीडर बॉग लेक या लहानशा तळ्याचा अभ्यास करून रेमंड लिंडमन यांनी १९४२ साली त्यातला पहिला हिशोब मांडला. वनस्पतीकडून प्राण्याकडे, एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जाताना ऊर्जेचा मोठा भाग प्रत्येक पायरीवर उष्णता होऊन निघून जातो. पुढे पोचतो तो ढोबळमानाने दहावा हिस्सा. गेलेली ऊर्जा परत येत नाही, पण त्याने बिघडत नाही, कारण सूर्य रोज नवी देतो. नत्र-स्फुरदाचे तसे नाही. तेच कण पानातून बुरशीत, बुरशीतून मातीत, मातीतून मुळात फिरत राहावे लागतात. या दोन हिशोबांची गाठ कुजण्यापाशी पडते. जमिनीवर वाढलेल्या वनस्पतींचा मोठा हिस्सा हिरवा असताना कोणी खात नाही. तो गळतो आणि बुरशी, जिवाणू, वाळवी, गांडुळे यांच्या वाट्याला येतो. ते ऊर्जेसाठी खातात आणि खाताखाता अन्नद्रव्ये मोकळी करतात.

मात्र कुजणे हा चक्राचा अर्धाच भाग आहे. न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुक जंगलात १९६५च्या अखेरीस एका ओढ्याच्या पाणलोटातली सगळी झाडे तोडून तिथेच पडू दिली आणि पुढची काही वर्षे तणनाशक मारून नवे काही उगवू दिले नाही. माती तीच, लाकूडफाटाही जागेवरच. फक्त जिवंत मुळे उरली नाहीत. दुसऱ्या वर्षी त्या ओढ्याच्या पाण्यातले नायट्रेट अस्पर्श जंगलाच्या मानाने पन्नासपटीहून जास्त झाले. कुजून मोकळे झालेले नत्र उचलायला कोणी नव्हते, म्हणून ते वाहून गेले. उसाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. खोडव्यात पाचट कुजत असते तेव्हा त्याच्याखाली फुटवे धरलेले जिवंत बेट उभे असते. सरीतला थर काही महिन्यांनी उचलून पाहिला तर वर कोरडी पाती, त्याखाली पांढऱ्या बुरशीचे धागे, गांडुळांची विष्ठा आणि तळाशी काळी भुसभुशीत माती दिसते. उसाची बारीक पांढरी मुळे वर येऊन त्या थरात शिरलेली असतात. चक्राचे दोन्ही अर्धे तिथे एकमेकांना लागून असतात.

राखेतून खत मिळतेच की, असे यावर म्हटले जाते. पालाश आणि स्फुरदापुरते ते बरेचसे खरे आहे, पण नत्र आणि गंधकाचा मोठा भाग धुराबरोबर जातो. हेक्टरी आठ-दहा टन पाचटात साधारण ४० ते ५० किलो नत्र असते. त्याहून मोठी हानी म्हणजे मातीतल्या जिवांचे वर्षभराचे अन्न काही मिनिटांत संपते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पाचटात कार्बन भरपूर आणि नत्र थोडे, त्यामुळे ते कुजवणारे जिवाणू सुरुवातीला मातीतले नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. शेतकरी हे डोळ्यांनी पाहतो, त्याला अडाणीपणा म्हणणे चूक आहे. पण हे नत्र गेलेले नसते, उसने घेतलेले असते. म्हणूनच पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकायला, आणि पुढचे खत पहारीने भोके पाडून मुळाजवळ द्यायला सांगितले जाते. यात मजुरी जाते, बुडखे छाटायला माणसे मिळत नाहीत, हेही खरेच. तो खर्च एकट्या शेतकऱ्याने सोसावा, हे मात्र मला पटत नाही.

सगळे खतानेच भागवू, हे उत्तर मला सर्वांत कच्चे वाटते. युरिया म्हणजे नैसर्गिक वायू खर्चून हवेतून ओढलेले नत्र. पालाश तर आपण जवळजवळ सगळेच परदेशातून आणतो. जे चक्र उन्हावर फुकट चालते ते तोडून त्याच्या जागी विकतची ऊर्जा लावायची, आणि तरीही गांडुळाला खायला त्यातून काहीच मिळत नाही.

आता पाचटाच्या गाठी बांधून इंधन म्हणून विकण्याचा मार्ग पुढे येतो आहे. शेतात जाळण्यापेक्षा बॉयलरमध्ये जाळून वीज केलेली बरी, हा युक्तिवाद हवेच्या दृष्टीने रास्त आहे. जमिनीच्या दृष्टीने त्यात शेतातल्या जाळण्याहूनही तोटा आहे, कारण राखही शेतात राहत नाही. चिपाडाची गोष्ट वेगळी. ते बव्हंशी तंतूच असते, त्यात अन्नद्रव्ये थोडी, म्हणून त्यावर सहवीजनिर्मिती करायला हरकत नसावी. पाचट उचलायचेच असेल तर निदान खोडवा ठेवायच्या शेतातून उचलू नये, आणि जिथून उचलले तिथे तेवढ्या हिशोबाने राख व प्रेसमडचे कंपोस्ट पोचवण्याची अट खरेदीच्या करारातच असावी. ऊस घेऊन येणारी वाहने कारखान्यातून रिकामीच परत जातात.