फडक्यात गुंडाळलेले तीन

मार्चमध्ये एका वृद्ध गृहस्थांचा फोन आला. त्यांच्याकडे माझ्यासारखीच १९६५ ची सित्रोएन डीएस आहे. इंजिन सुरू केलं तरी तिची मागची बाजू उठत नव्हती. "मागचा हाइट करेक्टर गेलाय. तुमच्याकडे एखादा जादा असेल का?" मी म्हणालो, "नाही हो, सध्या तरी नाही." त्या वेळी माझ्या तळघरातल्या कपाटात, तेलकट फडक्यात गुंडाळलेले तीन करेक्टर होते.

"सध्या तरी" का म्हणालो मी? खोटं बोलतानाही सभ्य दिसायचं होतं, म्हणून?

ही गाडी १९५५ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात लोकांपुढे आली. पोल माजेस या तंत्रज्ञाने तिला पोलादी स्प्रिंगांऐवजी तेल आणि वायू यांच्यावर तोललं. प्रत्येक चाकामागे एक गोळा. त्यात रबरी पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. खड्डा आला की तेल वायूला दाबतं आणि धक्का तिथेच जिरतो. मागे माणसं बसली, गाडी दबली, की करेक्टरमधला बोटाएवढा दट्ट्या सरकतो, जादा तेल आत सोडतो आणि गाडी आपल्या उंचीवर परत येते. इतकी वर्षं झाली, तरी सकाळी ती जमिनीवरून उठताना मी शेजारी उभा राहून बघतो.

गोळ्यांचं फारसं अडत नाही. वायू पडद्यातून हळूहळू निसटतो. गोळे पुन्हा भरून मिळतात, डीएसचे तर उघडून पडदाही बदलता येतो. करेक्टरचं तसं नाही. त्याचा दट्ट्या आणि नळी एकमेकांना इतक्या बारकाईने बसवलेले असतात की मधली फट केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. त्यात आमच्या गाड्या लाल तेलाच्या. हे तेल हवेतली ओल शोषतं; गाडी वर्षभर उभी राहिली की भाग आतून गंजतात. १९६६ च्या शरदात कंपनीने हिरवं खनिज तेल आणलं, पण त्याचं रबर वेगळं. एकातलं तेल दुसऱ्यात ओतलं की सील कामातून गेलेच. म्हणून लाल तेलाचा धड करेक्टर हाती लागला की तो सोडवत नाही.

अशी कारणं मला भराभर सुचतात. माझी गाडी रोज रस्त्यावर असते, त्यांची महिन्यातून एकदा. उद्या माझाच करेक्टर गेला तर? पण माझा पहिला गेला कसा, हेही सांगायला हवं. रविवारची संध्याकाळ होती, सोमवारी गाडी हवी होती. पाइपाचा जोड सैल करण्याआधी बाहेरचा चिखल धुऊन घ्यायचा, हा या कामातला पहिला नियम. तो मला पाठ होता. दहा मिनिटं वाचवायला मी तो मोडला, आणि वाळूचा एक कण आत गेला. चांगला चालणारा भाग माझ्या घाईने मेला. मग दुर्मीळतेची ही काळजी मला कधीपासून लागली?

आणि हे तीन आले कुठून? एका खेड्यातल्या मेकॅनिकच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने शेड रिकामी करायला काढली होती. पेटी दाखवून त्या म्हणाल्या, "तुम्हीच सांगा काय द्यायचं ते." आत काय आहे हे मी झाकण उघडताच ओळखलं होतं. मी चाळीस युरो दिले. खोटं बोललो नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यांनी मला कॉफीही दिली. नवऱ्याने तीस वर्षं जपून ठेवलेल्या वस्तूंची किंमत त्यांना कळू नये, एवढ्यासाठी मी गप्प बसलो. फोनवरचं खोटं सोपं गेलं, कारण त्याची सवय त्या शेडमध्येच झाली होती.

लहानपणी आमच्या दारी विरजण मागायला आलेलं कुणी रिकाम्या वाटीने गेलं नाही. या आठवणीचा आधार घ्यावासा वाटला, पण तोही खरा नाही. विरजण दिल्याने संपत नाही. करेक्टर दिला की आपल्याकडचा एक कमीच होतो. मग द्यायचा का? मला वाटतं, तो कमी होतो म्हणूनच देण्याला काही अर्थ आहे. नक्की सांगता येत नाही. एवढं मात्र कळतं: कपाटात ठेवलेला करेक्टर कुठलीच गाडी उचलत नाही, आणि लाल तेलाच्या ज्या थोड्या गाड्या अजून चालतात त्यांतली एक मी उभी करून ठेवली होती.

मे महिन्यात मी त्या गृहस्थांना फोन केला आणि आधी खोटं बोललो होतो हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग त्यांनी पत्ता सांगितला. करेक्टर मी स्वतः नेऊन दिला, पैसे घेतले नाहीत. त्या खेड्यातल्या बाईंकडे मात्र मी अजून गेलेलो नाही.