तीमथ्याचे अश्रू

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि मंडळीतल्या प्रार्थनेच्या विनंत्यांत एक विनंती हमखास येते. मूल शाळेत जायला तयार नाही. सकाळी पोटात दुखतं, उलटी होते, रविवारी संध्याकाळपासूनच रडू सुरू होतं. शाळेची वेळ टळली की सगळं ठीक. या विनंतीला अलीकडे आपल्याकडे तयार उत्तर असतं: हा भित्रेपणाचा आत्मा आहे, तो देवाकडचा नाही, त्याला प्रभूच्या नावाने घालवा. मग उपास, डोक्यावर हात, आणि पुढच्या रविवारी साक्षीची अपेक्षा. असं सांगणाऱ्यांचं मुलांवर प्रेम असतं, यात मला शंका नाही. म्हणूनच या उत्तराचा नीट समाचार घ्यायला हवा. रागावून बोललेलं मूल विसरू शकतं. आपल्यासाठी डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना करणाऱ्या माणसाचं म्हणणं ते खरं मानतं.

बाकीची मतं फार वेळ घेण्याजोगी नाहीत. सगळा दोष मोबाइलचा म्हणावा, तर शाळेच्या भीतीचं वर्णन अॅडलेड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ साली केलं होतं. विश्वास बाजूला ठेवा आणि फक्त समुपदेशकाकडे जा, असं सांगणाऱ्यांना श्रद्धाळू घरातलं मूल रात्री अंथरुणात देवाला काय विचारतं याची कल्पना नसते.

आपल्या समाजात हा प्रश्न जास्त दुखतो, त्याला कारण आहे. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत शुभवर्तमान आणि पाटी एकाच दारातून आत आली. ज्यांना गावात कुणी जवळ बसवून घेत नव्हतं, त्यांना मिशनच्या शाळेने बसवून घेतलं, वसतिगृहाने जेवू घातलं. तो इतिहास आपण दरवर्षी सांगतो. पण ज्या घराची सुटका शाळेने केली, त्या घरातला नातू शाळा नको म्हणतो, तेव्हा आजोबांना तो कृतघ्नपणा वाटतो. त्या दुखावलेपणाला मग शास्त्राचा आधार शोधला जातो.

आधार म्हणून जे वचन घेतलं जातं, ते तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायातलं सातवं. नेहमी तेवढंच सुटं वाचलं जातं. तीन वचनं मागे गेलं तर चौथ्यात पौलाला तीमथ्याचे अश्रू आठवतात आणि त्याच्या भेटीची ओढ लागते. पाचव्यात त्याच्या निष्कपट विश्वासाची आठवण आहे, आजी लोईस आणि आई युनीके यांच्या नावांसकट. अश्रू आणि निष्कपट विश्वास एकाच माणसात, लागोपाठच्या दोन वचनांत. रडतो म्हणून विश्वास कमी, असं पौलाच्या मनातही येत नाही. तीमथ्यातून काही हाकलून लावायचं आहे, असा सूर त्या पत्रात कुठेही नाही.

पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल तीमथ्याच्या पोटाची आणि वारंवारच्या दुखण्यांची दखल घेतो आणि थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. तीमथ्याचं पोट कशाने दुखत होतं, यावर मी काही रचणार नाही. पण ज्याच्या हातून आजारी बरे झाल्याचं प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो, तो पौल आपल्या लाडक्या शिष्याला त्या वेळचा घरगुती उपाय सांगतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. मग बालरोगतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे जाताना आपल्यालाच का वाटावा? टेलिमानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून आहे. तिथे फोन केल्याने कुणाचा विश्वास उणा होत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं वचन तर करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात आहे. तीमथ्य आला तर त्याला तुमच्यामध्ये भीती वाटणार नाही याची काळजी घेण्याचं काम पौल तिथे मंडळीवर सोपवतो. म्हणजे तीमथ्याची भीती ही करिंथकरांचीही जबाबदारी. हे मान्य केलं तर मुलाच्या डोक्यावर हात ठेवण्याआधी त्याच्या वर्गात डोकावावं लागेल. पाढा चुकल्यावर कोण हसतं, शाळेच्या रिक्षात कोण त्रास देतं, बाईंचा आवाज कसा चढतो? शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने २००९ सालीच शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. आपल्या मंडळ्यांत शिक्षक पुष्कळ आहेत. हे काम आपल्याला जमणार नाही असं नाही.

यावर फिलिप्पैकरांच्या पत्राचा चौथा अध्याय पुढे केला जाईल, चिंता न करण्याचा. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीताच्या दुखण्याने पौल स्वतः किती व्याकूळ झाला होता, तेही वाचावं. चिंता हा गुन्हा मानून पौलाने ते लिहिलं असतं, तर पहिला गुन्हेगार तोच ठरला असता. योहानाचं पहिलं पत्र तर भीतीचा संबंध शिक्षेशी जोडतं. घाबरलेल्या मुलाला तुझा विश्वास कमी आहे असं सांगणारा माणूस त्या भीतीत शिक्षेचीच भर घालतो.

प्रार्थना करू नये, असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण दोन प्रार्थना वेगळ्या आहेत. एक, भीती जाऊ दे. दुसरी, भीती असताना माझ्याबरोबर फाटकापर्यंत चल. पहिली करायला हरकत नाही. गेथशेमाने बागेत प्याला टळावा म्हणून प्रभूनेही विनवलं. पण रोज सकाळी मुलाकडून फक्त पहिलीच करून घेतली, तर ते उठल्याबरोबर आपलं पोट चाचपून बघतं, भीती गेली का? गेलेली नसते. म्हणजे देवाने ऐकलं नाही, किंवा माझंच काही चुकलं. शाळेच्या भीतीत आता देवाची भीती मिसळली. दुसऱ्या प्रार्थनेत भीती मोजायचीच नसते, पाऊल मोजायचं असतं. आज फाटकापर्यंत, मग पहिला तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. मानसोपचारातही या भीतीवर असंच पायरीपायरीने काम करतात. दया येऊन मुलाला महिनोन्महिने घरी ठेवणं मला म्हणूनच मान्य नाही. घरी राहिल्यावर जी सुटका वाटते, तिच्यावरच ही भीती पोसली जाते. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयाला देवदूताने बोल लावला नाही. झोपू दिलं, भाकर दिली, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा भाकर दिली, आणि मग वाटेलाही लावलं.

माझं मागणं आपल्या साक्षीच्या वेळेबद्दल आहे. तिथे आपल्याला गेलेल्या भीतीचीच साक्ष चालते. लक्ष्मीबाई टिळकांच्या पतीचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, त्यांचा स्वतःचा १९०० सालचा. मधल्या वर्षांतली घालमेल त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लपवली नाही, आणि तरी, किंवा त्यामुळेच, ते पुस्तक आपण अभिमानाने मिरवतो. मग या आठवड्यात तीन दिवस रडत रडत शाळेत गेलो आणि दोन दिवस गेलो नाही, असं सांगणाऱ्या मुलालाही, त्याला बोलावंसं वाटलं तर, पाळकांनी वेळ द्यावा. आणि त्याचं बोलणं संपल्यावर भीती कधी जाणार, हे त्याला कुणी विचारू नये.