जाणं आणि राहणं

काशीत संकठा घाटाला लागून शिंदे घाट आहे आणि थोडं पुढे नागपूरकरांचा भोसले घाट. या काठावर मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आली, गंगास्नान करून परतली. काही मात्र इथलीच झाली. माणूस अंतराळात का जातो आणि तिथे घर का करू पाहतो, याचा विचार इथून सुरू करता येतो. जाण्याची कारणं वेगळी, राहण्याची वेगळी.

जायला ईर्ष्या पुरते. अंतराळात आपल्याला फारसा रस नाही, रशियाच्या आधी चंद्र गाठणं महत्त्वाचं, असं जॉन केनेडींनी नोव्हेंबर १९६२ मध्ये नासाच्या प्रमुखांना बैठकीत सांगितलं होतं. १९६९ मध्ये ते साधलं. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ परतलं आणि चंद्रावरची ये-जा थांबली.

काशीत राहिलेल्यांना रोजचं काम होतं. गोदावरीकाठच्या गोलग्रामहून आलेल्या ज्योतिषी घराण्यातल्या कमलाकरांनी १६५८ मध्ये इथे ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिला. पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री इथल्या संस्कृत कॉलेजात शिकवत. ‘सूर्यसिद्धान्ता’चा त्यांचा इंग्रजी अनुवाद १८६१ चा. पुढे विष्णु वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले आणि त्यांचे चिरंजीव, खगोलशास्त्रज्ञ जयंतराव त्याच आवारात वाढले. आकाशाची ओढ तर होतीच, पण हातात पद होतं, समोर विद्यार्थी होते.

मंगळावर वस्ती हवी, म्हणजे पृथ्वीवर संकट आलं तरी मानवजात तगेल, असं आज सांगितलं जातं. ही भीती खरी असली तरी तिच्या जोरावर घर उभं राहणार नाही. मंगळावर हवेचा दाब आपल्या एक टक्क्याच्याही आत आहे. होरपळलेली पृथ्वीसुद्धा त्याहून राहण्याजोगी असेल.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नोव्हेंबर २००० पासून कोणी ना कोणी राहतंच आहे. हाडं-स्नायू झिजू नयेत म्हणून तिथे रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो; घाम आणि लघवीतलं पाणी शुद्ध करून पुन्हा प्यावं लागतं. या स्थानकामागे राष्ट्रांचं राजकारण आहे, पण राहणाऱ्यांचा दिवस भरतो तो प्रयोगांनी. २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी तिथे मेथी आणि मुगाला मोड आणले. भारताला २०३५ पर्यंत स्वतःचं स्थानक उभारायचं आहे. तिथे राहणाऱ्यांना वर्षानुवर्षं पुरेल असं काम लागेल, आणि त्यासाठी संशोधनाचे प्रश्न आपल्या विद्यापीठांतून, कृषी महाविद्यालयांतून आतापासूनच मागवायला हवेत.