कोतवालाचे ऋण

उपकाराच्या हेतूने न केलेल्या उपकाराचे ऋण मानावे की नाही, हा प्रश्न पंडितांनी पुष्कळ चर्चिला असेल. माझ्यापुढे तो एका पक्ष्याने टाकला. पक्षी अगदी सामान्य. बेळगावहून पूर्वेस निघाले की झाडी विरळ होत जाते आणि मोकळी शेते लागतात. तेथे तारेवर, बाभळीच्या शेंड्यावर, नाहीतर चरणाऱ्या म्हशीच्या पाठीवर तो बसलेला असतो. सर्वांग तुकतुकीत काळे, शेपूट लांब व टोकाशी दुभंगलेले, चोचीच्या मुळाशी एक बारीकसा पांढरा ठिपका. आपण त्याला कोतवाल म्हणतो.

शास्त्रज्ञ त्याला खऱ्या माशीमार पक्ष्यांत गणीत नाहीत, ड्रोंगो पक्ष्यांचे स्वतंत्र कुळ मानतात. परंतु त्याची उपजीविका माशीमाराचीच आहे. उंच जागी बसावे, उडता कीटक दिसताच झेप घालून तो हवेतच धरावा, आणि पुन्हा आपल्या जागी येऊन सावकाश खावा. गुरे चालू लागली की गवतातून टोळ उसळतात, नांगर चालला की मातीतले किडे वर येतात, रान पेटले की धुरापुढे पतंग पळत सुटतात. या सर्व ठिकाणी स्वारी हजर. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटले म्हणजे तर त्याची दिवाळीच. पांगारा आणि सावर फुलली की तो मधही चाखतो.

विणीच्या दिवसांत मात्र या पक्ष्याचे निराळेच रूप दिसते. फांदीच्या बेचक्यात काटक्यांची एक उथळ वाटी, तीत तीन-चार अंडी. नर व मादी दोघेही ती उबवितात. त्या झाडाकडे कावळा फिरकू द्या, शिक्रा येऊ द्या, की प्रत्यक्ष घार येऊ द्या, शेपटीसकट जेमतेम 28 सेंटिमीटर लांबीचा हा जीव तीरासारखा सुटतो, शत्रूच्या पाठीवर टोचे मारतो आणि त्याला हद्दपार केल्यावरच परततो. ही शाश्वती ओळखूनच की काय, होले, बुलबुल, हळद्या असे गरीब स्वभावाचे पक्षी त्याच्या आसपास आपली घरटी घालतात. ‘कोटपाल’ या शब्दावरून आलेले नाव त्याला लोकांनी उगाच दिलेले नाही.

कोतवालाच्या सदाचाराचे प्रमाणपत्र देण्यास मी येथे उभा नाही. हाच पक्षी शिक्र्याच्या आवाजाची नक्कल करून साळुंक्यांना पळवून लावतो आणि त्यांचे भक्ष्य लांबवितो, अशी नोंद आहे. आफ्रिकेतल्या कलहारी प्रदेशातील त्याच्या एका भाऊबंदाविषयी 2014 साली प्रसिद्ध झालेले संशोधन तर आम्हा वकिलांनी वाचावे असे आहे: एक खोटी आरोळी कोणी मानेनासे झाले की तो दुसऱ्याच प्राण्याची आरोळी काढतो! आणि एवढ्या दक्ष पहारेकऱ्याच्या घरट्यात कोकिळा कधीकधी आपले अंडे ठेवून जाते, ही गंमत निराळीच.

तेव्हा होल्याच्या पिलांसाठी कोतवाल लढतो असे समजणे भाबडेपणाचे आहे. तो लढतो स्वतःच्या अंड्यांसाठी. बाकीच्यांचे रक्षण आपोआप होते. मग होल्याने त्याचे काही देणे लागावे काय?

कायद्याचे उत्तर मला ठाऊक आहे, कारण मी ते एकदा न्यायालयात जिंकले आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, खानापूरच्या बाजूस, रानाला लागून एका वृद्ध शेतकऱ्याचे मक्याचे शेत होते. रानडुकरांना पुढच्या चार शेतांत शिरायचे तर याच्याच शेतातून जावे लागे. म्हाताऱ्याने माळा बांधला, कुत्री पाळली, रात्रीचे दोन राखणदार ठेवले. पाचही शेते वाचली. शेजाऱ्यांनी राखणदारांच्या मजुरीचा वाटा उचलावा एवढेच त्याचे मागणे होते. ते नाकारले गेले आणि त्याने दावा लावला. शेजारी माझे पक्षकार होते.

1872 च्या करार कायद्याचे कलम 70 असे सांगते की, एखाद्याने दुसऱ्यासाठी काही कायदेशीरपणे केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नसला, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्या दुसऱ्याने भरपाई दिली पाहिजे. सारी मेख ‘दुसऱ्यासाठी’ या शब्दात आहे. मी उलटतपासणीत एकच प्रश्न महत्त्वाचा धरला होता: राखण कोणासाठी ठेवली? म्हातारा म्हणाला, “माझ्याच मक्यासाठी की, वकीलसाहेब. दुसऱ्या कुणासाठी?” या सरळ उत्तराने त्याचा दावा बुडाला. तेवढ्यापुरते खोटे बोलणे त्या कलहारीतल्या पक्ष्याला सहज जमले असते.

निकाल कायद्याला धरून होता, असे मी आजही म्हणेन. परंतु आपल्या परंपरेने ऋणाचा विचार इतक्या अरुंद वाटेने केलेला नाही. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी होतो असे सांगितले आहे. यांपैकी पितरांचेच पाहा. आपल्या पणज्याने विहीर खणली ती स्वतःच्या तहानेसाठी. तुमचे-माझे नावही त्याला ठाऊक नव्हते. तरीही आपण त्याला तर्पण करतो, आणि पाणी देताना त्याचा हेतू काय होता याची चौकशी करीत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो लटका नाही. हेतू न पाहता उपकार मोजायचा, तर अपकारही तसाच मोजावा लागेल. 1930 च्या दशकात तैवानातून हाच कोतवाल, कीटकांचा बंदोबस्त करील म्हणून, पॅसिफिक महासागरातील रोटा बेटावर नेऊन सोडला. तेथून तो ग्वाम बेटावर पोहोचला आणि पुढे तेथे अतिशय बोकाळला. त्या बेटांवरील मूळच्या पक्ष्यांना त्याचा उपद्रव झाला असावा, असा अभ्यासकांना संशय आहे. मग तेथे त्याला आरोपी करावयाचे काय? मला तसे वाटत नाही. दोष लावायचा तर करणाऱ्याचे मन तपासावे लागते, आणि पक्ष्याजवळ तसले मन नाही. ऋण मानायचे तर ज्याच्या पदरात लाभ पडला त्याचेच मन पुरे. माझे चारही पक्षकार या दुसऱ्या परीक्षेत उतरले नसते. आणि त्यांचा वकीलही.

दुसऱ्या वर्षी म्हाताऱ्याने मका लावलाच नाही. राखणदारही ठेवले नाहीत. कणसे भरण्याच्या सुमारास ते चौघे पुन्हा माझ्याकडे आले. डुकरांनी एका रात्रीत निम्मे पीक लोळविले होते. म्हाताऱ्याला राखण चालू ठेवण्यास भाग पाडता येईल काय, असे त्यांनी विचारले. येणार नाही, असे मी सांगितले. सल्ल्याचे पैसे ते टेबलावर ठेवू लागले. मी ते घेतले नाहीत.