जिवंत दगडांची शाळा

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप साहेब १८४५ साली नागपूर प्रांती आले. पुढील वर्षी त्यांनी नागपुरात शाळा उघडिली. ते भूगर्भशास्त्राचे जाणते, दगडांचे पारखी. परंतु आयुष्य वेचिले ते मुलांवर. ता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाकडील एका खेड्यातील शाळा पाहून परतताना ते ओढ्याच्या पुरात बुडाले. शाळा मात्र बुडाली नाही. तिच्यातूनच १८८३ साली हिस्लॉप कॉलेज उभे राहिले.

जुन्या इमारती पाहून आपण धन्यता मानितो. प्रभू भिंती मोजीत नाही. आपल्या गावच्या शाळेत आज कोणाचे लेकरू आले नाही, हे तो विचारितो. त्या लेकराच्या दाराशी आपण जाऊ या. आमेन.