आजचं चिंतन : भाड्यातलं आपलं किती? (गीता ३.१२-१३)



आजचे दोन श्लोक गीतेच्या तिसऱ्या अध्यायातले. भगवंत यज्ञाबद्दल बोलतायत. जे मिळालं त्यातलं काहीच परत न देता जो एकटा भोगतो, त्याला त्यांनी सरळ चोर म्हटलंय. मूळ शब्द ‘स्तेन’. पुढच्या श्लोकात दुसरी बाजू येते : यज्ञ करून जे उरतं ते खाणाऱ्याला पाप लागत नाही.

यज्ञ म्हटलं की डोळ्यांसमोर तूप-समिधा येतात, आणि हे आपल्यासाठी नाहीच असं वाटून आपण पुढे स्क्रोल करतो. म्हणून आज हे श्लोक एका साध्या गोष्टीला लावून पाहू. घरभाडं.

आमचं घर सिडकोत आहे. वडील एसटी महामंडळातून निवृत्त झाले. नोकरीत असतानाच कर्ज काढून त्यांनी वरचा मजला चढवला. तिथे आता दोन बिऱ्हाडं आहेत. एकात वाळूजला कंपनीत जाणाऱ्या एका दादांचं पाच जणांचं कुटुंब, दुसऱ्यात दोन विद्यार्थी. ॲग्रीमेंट, घरपट्टी, मोटर, प्लंबर हे सगळं आता माझ्याकडे आहे. महिन्याच्या ५ तारखेला दोन मेसेज येतात, ९-९ हजार जमा.

पगारासाठी मी रात्री-बेरात्री प्रॉडक्शनचे इश्यू सोडवतो. भाडं मात्र मी झोपलेलो असतानाही येतं. यूट्यूबवर याला ‘पॅसिव्ह इन्कम’ म्हणतात आणि तेच आयुष्याचं ध्येय असल्यासारखं सांगतात. गीतेसमोर ठेवलं की हा शब्द अस्वस्थ करतो. काही न करता मिळतंय, तर मी स्तेन आहे का?

पहिलं उत्तर लगेच सुचतं. ही वडिलांच्या कष्टांची साठवण आहे. त्यांनी हप्ते भरले, त्याचं फळ येतंय. हे खरं आहे, पण अर्धंच. कारण घर म्हणजे एफडी नव्हे. घर दररोज थोडं थोडं मोडत असतं. गच्चीला भेगा पडतात, टाकीत गाळ बसतो, बाथरूमची ओल शेजारच्या भिंतीत उतरते. धर्म म्हणजे जो धारण करतो, असं आपण वाचतो. घराच्या बाबतीत याचा अर्थ शब्दशः घ्यायचा : घर कुणीतरी धरून ठेवावं लागतं. वडिलांनी बांधलं ते तेव्हा. आज कोण धरतंय?

गंमत म्हणजे हा हिशेब आयकर खात्याला ठाऊक आहे. भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा केली की उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. आमचं वर्षाचं भाडं २,१६,००० रुपये. घरपट्टीचे ६,००० गेले की २,१०,००० उरतात, त्याचे ३० टक्के म्हणजे ६३,०००. या रकमेचं एकही बिल दाखवावं लागत नाही. दुरुस्तीवर एक रुपया खर्च केला नाही तरी वजावट मिळते.

कायदा विचारत नाही, तिथेच श्लोक विचारतो. तू ती रक्कम घराच्या नावाने घेतलीस. घराला दिलीस का? आम्ही ६३,००० वेगळ्या खात्यात ठेवतो. एखाद्या वर्षी मोटरचं रिवाइंडिंग आणि टाकीची सफाई एवढंच निघतं, एखाद्या वर्षी गच्चीचं वॉटरप्रूफिंग सगळं खाऊन टाकतं. माझ्या मते हाच तो यज्ञ. त्यानंतर उरलेलं भाडं निवांत खावं.

पण इथपर्यंतचं सोपं आहे. अवघड भाग पुढे आहे, आणि तो पाण्याचा आहे.

आपल्या शहराला जायकवाडीचं पाणी येतं, नाथांच्या पैठणहून. धरणाच्या जलाशयाचं नावच नाथसागर. तरी नळाला पाणी कित्येक दिवसांनी एकदा, हे इथल्या कुणालाही सांगायला नको. एप्रिल-मे आला की टँकर. आता पैसे कसे वाटायचे? घरटी सारखे घेतले तर विद्यार्थी म्हणणार, “दादा, आम्ही दोघंच आहोत, पाच जणांइतके का द्यायचे?” माणशी घेतले तर सगळा भार त्या कुटुंबावर, ज्यात एक आजीही आहेत आणि कमावणारा एकच.

नाथांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. काशीहून रामेश्वराला नेत असलेली गंगेची कावड त्यांनी तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. मला त्यात एक बारीक गोष्ट दिसते. कावड नाथांची स्वतःची होती. त्यांनी दुसऱ्या यात्रेकरूची कावड ओतली नाही. म्हणजे कुटुंबाची दया येऊन मी विद्यार्थ्यांकडून जास्त पैसे काढले, तर ती दया नाही. ती दुसऱ्याच्या खिशातून केलेली उधळपट्टी. म्हणून हिशेब माणशीच ठेवला. आणि आजींचा व लहान मुलाचा वाटा आमच्या घराच्या वाट्यात धरला. दया करायची तर आपल्या कावडीतून.

इथे अजून एक सापळा आहे. टँकरमधले दोन वाटे आम्ही उचलतो, हे खरंच देणं आहे. पण गळका पाइप बदलून देणं हे देणं नाही, देणेदारी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सुद्धा, वेगळा करार नसेल तर, घर राहण्याजोगं ठेवायची जबाबदारी मालकावर टाकतो. तरी मालक मंडळी पाइप बदलतात आणि “तुमच्यासाठी केलं हो!” असं ऐकवतात. मग पुढच्या वेळी ओल आली की भाडेकरू बोलत नाही. काका-काकूंना किती त्रास द्यायचा, असं त्याला वाटतं. कर्तव्याला उपकाराचं वेष्टन घातलं की समोरच्याची तक्रार करायची जागाच आपण विकत घेतो. मला वाटतं ही भाडं वाढवण्यापेक्षा सूक्ष्म चोरी आहे.

म्हणून मला श्रीखंड्या आठवतो. परंपरा सांगते की देवाने १२ वर्षं नाथांच्या घरी पाणी भरलं, आणि कोण भरतंय हे घरात कुणाला कळलं नाही. कळलं त्या दिवशी तो निघून गेला. पैठणला नाथवाड्यातला तो रांजण भाविक आजही भरतात. देखभालीचं काम असंच असावं. टाकी भरलेली असावी आणि कुणी भरली हा विषयच निघू नये.

आता दुसरी बाजू. आधीच्या एका भाडेकरूचं कंत्राटी काम सुटलं आणि तीन महिने भाडं आलं नाही. आई म्हणाली, “राहू दे रे, लेकरं लहान आहेत.” पण त्याच भाड्यातून वडिलांची औषधं येतात. अर्जुनालाही रणांगणावर करुणाच दाटून आली होती, आणि भगवंतांनी ती जशीच्या तशी मान्य केली नाही. अवघड बोलणं टाळायची इच्छाही कधीकधी करुणेचे कपडे घालून येते. आम्ही समोर बसून बोललो. दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं केलं, तिसऱ्याचं सोडलं, आणि त्यांनी महिनाभरात स्वस्त खोली पाहावी असं ठरलं. उरलेलं डिपॉझिट जाताना हातात दिलं, कारण ती त्यांची ठेव होती, आमची मिळकत नव्हे.

हा न्याय होता का? हिशेबाने, हो. पण टेम्पोत सामान चढताना आई आत जाऊन बसली होती. गीता हिशेब शिकवते, तशीच हिशेबानंतर उरणारी ही टोचणीही ती पुसत नाही. ती राहू द्यावी असं मला वाटतं. ती आहे म्हणून पुढच्या वेळी माणूस दिसतो, फक्त थकबाकी दिसत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण स्वतःच भाड्याने राहत असाल, पुण्यात, बंगळुरात. श्लोक तुम्हालाही लागू आहे. ज्या भिंतींनी आसरा दिला त्यांना परत काय देतोय?

आजचा अभ्यास एवढाच : आपल्याला आपोआप मिळणारी एक गोष्ट शोधा. ती कोण धरून ठेवतंय, ते पाहा. आणि त्यातला त्याचा वाटा आजच बाजूला काढा, न सांगता.

उद्या श्लोक १४ आणि १५.

राम कृष्ण हरी.